‘डिस्क घेत नाही’: हाय-रेझोल्यूशन प्लेअरच्या तक्रारीमागचा इतिहास

प्लेअर डिस्क घेत नाही म्हणून नाशिकच्या एमजी रोडवर किंवा मेनरोडच्या आसपास दुरुस्तीला नेला, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: लेन्स वीक झालीय, पिकअप (लेसरने डिस्क वाचणारा भाग) बदलावा लागेल. साध्या सीडी-डीव्हीडी प्लेअरबाबत हे निदान अनेकदा बरोबरही निघतं. पण प्लेअर एसएसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या आवाजाच्या डिस्क, वाजवणारा असेल, तर पिकअपवर पैसे घालण्याआधी डिस्क हातात घेऊन तिच्यावरचे लोगो नीट वाचावेत. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ यंत्रात नसतं. ते १९९९ साली कंपन्यांमध्ये पडलेल्या फुटीत असतं.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हा सोनी आणि फिलिप्स एकत्र होते. १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सगळं एकाच नियमावलीत बांधलेलं. ती पाळणाऱ्या डिस्कलाच सीडीचा लोगो मिळे. त्यामुळे जपानात छापलेली डिस्क मुंबईत घेतलेल्या प्लेअरवर विनातक्रार वाजायची, आणि चकाकणारी चकती आत टाकली की ती वाजणारच, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोन गोष्टी एकदम झाल्या. सीडीच्या मूळ पेटंटांची मुदत संपत आली, आणि डीव्हीडीमुळे तेवढ्याच आकाराच्या चकतीवर जवळपास सातपट जागा मिळू लागली. या जागेत आवाज भरायचा कसा, यावरून वाटा वेगळ्या झाल्या. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी आणली. डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, डीव्हीडी फोरमने, त्याच वर्षी डीव्हीडी-ऑडिओचे नियम जाहीर केले. एसएसीडीतला आवाज १ बिटाचा, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा नोंदवलेला. डीव्हीडी-ऑडिओत २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतची मजल. दोघांची भाषाच वेगळी. दोन्ही वाजवणारे ‘युनिव्हर्सल’ प्लेअर आले खरे, पण ते परवडण्याजोगे होईपर्यंत लोक एमपीथ्रीकडे वळले होते.

एसएसीडीची हायब्रिड डिस्क मात्र डोकं लढवून केलेली आहे. वाचायच्या बाजूने ०.६ मिलिमीटर आत एसएसीडीचा थर, आणि १.२ मिलिमीटरवर, छापील बाजूच्या लगत, नेहमीचा सीडीचा थर. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा. त्याला एसएसीडीचा थर दिसतच नाही, तो आरपार जातो. एसएसीडी आणि डीव्हीडी वाचणारा ६५० नॅनोमीटरचा लेसर त्याच थरावरून परत फिरतो. म्हणून हायब्रिड डिस्क घरातल्या जुन्या सीडी प्लेअरवरही वाजते, अर्थात सीडीच्याच दर्जाने. सुरुवातीच्या अनेक एसएसीडींना मात्र एकच थर होता, आणि त्या साध्या प्लेअरमध्ये घातल्या की ‘नो डिस्क’. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हलाही हायब्रिडचा फक्त सीडी थर सापडतो. ६५० नॅनोमीटरचा लेसर त्यात असतो, तरी उपयोग होत नाही. कारण नक्कल होऊ नये म्हणून एसएसीडीच्या थरावर वेगळं कुलूप घातलेलं आहे आणि त्याची किल्ली फक्त परवानाधारक प्लेअरकडे असते.

या दोन थरांमुळेच एक फसवा बिघाड होतो. प्लेअरमधला ६५० नॅनोमीटरचा लेसर थकला आणि ७८० चा शाबूत असला, तर काही प्लेअर हायब्रिड डिस्क गुपचूप सीडी म्हणून वाजवतात. गाणं चालू असतं, तक्रार नसते, आणि मालक समजतो की आपण एसएसीडी ऐकतोय. पुढच्या पॅनलवर एसएसीडीचा दिवा लागलाय का, हे बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही. आधी रिमोटवरचं थर बदलायचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहावं. मग, प्लेअर डीव्हीडी घेत असेल तर एखादी साधी सिनेमाची डीव्हीडी लावावी. सीडी सुरळीत आणि डीव्हीडी अडखळतेय असं झालं, तर पिकअपवरचा संशय रास्त आहे. दोन्ही नीट वाजत असतील आणि एकच एसएसीडी हटून बसली असेल, तर दोष त्या डिस्कचा.

डीव्हीडी-ऑडिओची कटकट निराळी. डिस्कमध्ये दोन फोल्डर असतात, ऑडिओ-टीएस आणि व्हिडिओ-टीएस. साधा डीव्हीडी प्लेअर पहिल्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्यातला, डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबून लहान केलेला आवाज वाजवतो. म्हणजे डिस्क चालते, पण ज्यासाठी जादा पैसे मोजले ते ऐकूच येत नाही. शिवाय बऱ्याच डिस्कचा मेनू टीव्हीशिवाय उलगडत नाही. एक गाणं ऐकायला आधी टीव्ही लावा, ही कल्पना मंजूर करणाऱ्यांनी संगीत ऐकणाऱ्या माणसाचा विचार केला होता असं मला वाटत नाही. हे स्वरूप बाजारात यायलाही उशीर झाला. १९९९ च्या अखेरीस डीव्हीडी-व्हिडिओचं कुलूप फोडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम पसरला, आणि डीव्हीडी-ऑडिओसाठी नवं कुलूप शोधावं लागलं.

मग वायरींचा घोळ. डिस्क फिरतेय, पॅनलवर वेळ पुढे सरकतोय, पण अँप्लिफायर मुका, अशी तक्रार आली की पहिली शंका ऑप्टिकल केबलवर घ्यावी. एसएसीडीचा मूळ प्रवाह त्या वायरीतून जातच नाही, आणि डीव्हीडी-ऑडिओही पूर्ण दर्जाने जात नाही. म्हणून तेव्हाच्या प्लेअरमागे सहा आरसीए सॉकेट असत. पाच अधिक एक चॅनेलसाठी सहा वायरी. डीव्हीडी-ऑडिओची सोय एचडीएमआयच्या १.१ आवृत्तीत २००४ साली झाली, एसएसीडीची १.२ मध्ये २००५ साली. त्याआधीच्या अँप्लिफायरला नवा प्लेअर एचडीएमआयने जोडला, तर सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर, आणावं लागतं. पाच मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर प्लेअर दुकानाच्या फळीवर पडून राहतो.

आपल्याकडे असे प्लेअर अनेक घरांत परदेशातल्या नातेवाइकांच्या सामानातून आले. अमेरिकेतल्या मुलाने दिलेल्या प्लेअरवर मागे १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तो नाशिकच्या २३० व्होल्टवर थेट लावायचा नाही, मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो प्लेअर डीव्हीडीसाठी रीजन १ चा (रीजन म्हणजे डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी यासाठी पाडलेले विभाग). भारत रीजन ५ मध्ये. त्यामुळे इथली रीजन बांधलेली डीव्हीडी तो नाकारतो. एसएसीडीला मात्र रीजन नाही, कुठलीही कुठेही चालते. डीव्हीडी नाकारली म्हणून हाच प्लेअर भंगारात काढणारे असतात, आणि हळहळ वाटते ती त्याची.

नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला नेमाने जाणाऱ्यांच्या कपाटात मैफलींच्या घरी बर्न केलेल्या डिस्क हमखास सापडतात. छापील सीडी ७० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. जुना प्लेअर एवढ्यावर भागवू शकत नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर ७८० नॅनोमीटरसाठी बनवलेला, म्हणून फक्त ६५० चा लेसर असलेल्या सुरुवातीच्या डीव्हीडी प्लेअरना ती कोरीच वाटे. अशा डिस्कची संथ वेगाने नवी प्रत काढून बघणं पिकअपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

२००४ मध्ये आलेली ड्युअलडिस्क, एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी, सीडीच्या नियमात बसत नव्हती म्हणून तिला लोगोही मिळाला नाही. खाचेतून डिस्क ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये ती घालूच नये. आणि सीडीतून नुसता खरखराट येत असेल तर ती डीटीएसची डिस्क आहे का बघा. डीटीएस उलगडणारा डीकोडर जोडला की गाणं सुरू होतं.

असे प्लेअर बनवणाऱ्या ओप्पोने २०१८ मध्ये नव्या प्लेअरचं उत्पादन थांबवलं आणि सगळं वाजवणाऱ्या यंत्रांची निवड आणखी आक्रसली. सेकंडहँड बाजारात एक पर्याय अजून हाती लागतो: सोनीचा गेम कन्सोल, सुरुवातीचा प्लेस्टेशन ३. तो एसएसीडी वाजवतो. नंतरच्या मॉडेलमधून ती सोय काढून टाकली. विकणाऱ्याला बहुधा यातलं काही ठाऊक नसतं, पण ओळख सोपी आहे. पुढच्या बाजूला यूएसबीची चार सॉकेट असतील तर घ्यायला हरकत नाही, दोनच असतील तर एसएसीडीसाठी त्याचा उपयोग नाही.