न खाणारी मुलगी आणि मोजून खाणारा मुलगा

दहावीची परीक्षा संपली की मुंबईतल्या बऱ्याच मराठी घरांत दोन नवे हट्ट सुरू होतात. मुलगी म्हणते, रात्री मला जेवायला नको. मुलगा म्हणतो, मला जिम लावायची आहे. पहिल्या घरात आईला काळजी लागते, दुसऱ्या घरात बाबा खूश होऊन फी भरतात. मी शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात समुपदेशन करते. पहिल्या घरातली माणसं उशिरा का होईना, माझ्याकडे येतात. दुसऱ्या घरातली बहुतेक वेळा येतच नाहीत, आणि आली तर भलत्याच तक्रारी घेऊन येतात: हल्ली चिडचिड करतो, मित्रांत मिसळत नाही, अभ्यासात लक्ष नाही. खाण्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "खाण्याची काही तक्रार नाही हो मॅडम, उलट फार शिस्तीत खातो."

या शिस्तीबद्दलच मला लिहायचंय. कारण मुलीचं बिघडलेलं खाणं आणि मुलाचं बिघडलेलं खाणं दिसायला इतकं वेगळं असतं की एकाला आपण आजार म्हणतो आणि दुसऱ्याला तब्येत कमावणं.

मुलीचं चित्र आपल्या डोक्यात निदान ढोबळमानाने तरी असतं. डबा तसाच परत येतो. किंवा रिकामा येतो, पण पोळीभाजी मैत्रिणींनी संपवलेली असते. घरी सांगायचं "कॉलेजात खाल्लं" आणि कॉलेजात सांगायचं "घरून खाऊन आले". ताटातला भात बोटांनी असा पसरायचा की निम्मा संपल्यासारखा वाटावा. अंगावर ढगळ टीशर्ट येतात. जेवण झाल्या झाल्या बाथरूमचं दार लागतं. आणि एक खूण मी कधीच हलक्यात घेत नाही: मे महिन्यात, मुंबईच्या उकाड्यात, "पंखा बंद कर ना, थंडी वाजतेय" म्हणणारी मुलगी. पोटात अन्न जात नसलं की शरीर ऊब राखायचं काम कमी करतं, म्हणून ही थंडी.

मुलाच्या घरी स्वयंपाकघरात वजनकाटा येतो. अंडी उकडली जातात, पांढरं त्याच्या ताटात आणि पिवळा बलक आजीच्या वाटीत. आईच्या हातची आमटी नको, कारण फोडणीत तेल किती गेलं ते मोजता येत नाही. चिकन वेगळं उकडायचं, भात वेगळा तोलायचा, खायच्या वेळा फोनवर लावायच्या. गणपतीत मोदक तोंडात गेलाच तर रात्री जिममध्ये जादा तास. मामेबहिणीच्या हळदीला यायचं नाही, कारण आज पायांचा व्यायाम चुकवता येत नाही. मग रविवारी 'चीट डे'. त्या दिवशी बिर्याणी, पिझ्झा, वर आइस्क्रीम, पोट दुखेपर्यंत. घरातले कौतुकाने बघतात: वाढतं वय आहे, खाऊ दे. सोमवारी मात्र तो जवळजवळ उपाशी असतो आणि दुप्पट व्यायाम करतो.

हाच रविवार आणि सोमवार एखाद्या मुलीच्या आयुष्यात आला असता तर आपण घाबरलो असतो. आवर सुटून खाणं आणि मग त्याची भरपाई करणं हा बुलिमियाचा गाभा आहे, आणि भरपाई म्हणजे उलटीच असायला हवी असं नाही. उपाशी राहणं आणि अंग मोडेस्तोवर व्यायाम करणं हीही भरपाईच. मुलाच्या भुकेला आपल्याकडे मान आहे, म्हणून त्याचं आवर सुटलेलं खाणं कुणाला खटकत नाही. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

हे दोन वेगळे रस्ते बऱ्याच अंशी वयात येण्यापासून फुटतात. मुलगी वयात येते तेव्हा कंबर आणि मांड्यांवर चरबी साठते. ती पाळीसाठी आणि पुढच्या आरोग्यासाठी लागतेच. पण फोनवर तिला जी शरीरं सुंदर म्हणून दाखवली जातात ती सडपातळ असतात, म्हणजे तिचं शरीर निरोगीपणे वाढता वाढता त्या चित्रापासून लांब जातं. मुलाचं उलट. त्याचे खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, तो त्याला दाखवलेल्या चित्राच्या दिशेनेच चाललेला असतो. फक्त त्याला वाटतं त्या वेगाने नाही. वर्गातली बाकीची मुलं दाढीमिशांना लागली आणि आपण अजून लहान दिसतो, हे दुःख उशिरा वयात येणाऱ्या मुलाला आतून पोखरतं. त्यात आपली जीभ. मुलीला लग्नाच्या मांडवात भेटलेली आत्या "केवढी सुटलीस गं" म्हणते. मुलाला मैदानात 'काडीपैलवान' आणि 'सुकट' ऐकावं लागतं.

आणखी एक फरक उपचार करणाऱ्यांना वारंवार दिसलाय. आजारी पडणाऱ्या बऱ्याच मुलींचं वजन मुळात ठीकच असतं, त्यांना फक्त जाड असल्यासारखं वाटतं. मुलांपैकी अनेक जण मात्र आधी खरोखरच लठ्ठ असतात आणि त्यावरून चिडवले गेलेले असतात. असा 'ढोल्या' झपाट्याने बारीक होतो तेव्हा सोसायटीपासून शाळेपर्यंत सगळे पाठ थोपटतात. वजन उतरताना त्याने काय केलं हे कुणी विचारत नाही. आता तो 'नॉर्मल' दिसतो, म्हणून त्याची नाडी कुणी मोजत नाही. पण फार वेगाने वजन गमावलेलं शरीर वजनकाट्यावर ठीक दिसत असतानाही धोक्यात असू शकतं.

आरसाही दोघांना वेगवेगळं खोटं सांगतो. मुलीला नसलेली चरबी दिसते, मुलाला असलेले स्नायू दिसत नाहीत. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली शरीरसौष्ठव करणाऱ्या पुरुषांत ही अवस्था नोंदवली आणि तिला उलटा अ‍ॅनोरेक्सिया म्हटलं. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे स्वतःला उपाशी ठेवून वजन धोकादायक उतरवत नेण्याचा आजार. १९९७ साली तिला 'मसल डिस्मॉर्फिया' हे नाव मिळालं. आजच्या वर्गवारीत मात्र ती खाण्याच्या विकारांत बसत नाही, शरीराच्या रूपाबद्दलच्या विकारांत मोडते. त्यामुळे खाण्याचे विकार शोधायला निघालेल्या माणसाच्या हातून हा मुलगा निसटू शकतो.

मुलगे यात नवे आलेले नाहीत. लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली अ‍ॅनोरेक्सियासारख्या आजाराचं पहिलं नीट वैद्यकीय वर्णन केलं. त्यात दोन रुग्ण आहेत, एक अठरा वर्षांची मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. पुढे मुलगा हळूहळू चित्रातून पुसला गेला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात अ‍ॅनोरेक्सियासाठी पाळी थांबल्याची अट होती. ती मुलांना लागूच होत नव्हती, पण पुस्तकात असल्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मुलगीच येई. २०१३ च्या आवृत्तीत ती अट गेली.

प्रश्नावल्यांचीही तीच गत. ब्रिटनमध्ये १९९९ साली आलेली 'स्कॉफ' नावाची पाच प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात, आणि ती आधी स्त्रियांवर तपासलेली होती. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी करतेस का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहाएक किलो वजन उतरलं का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का, अन्नाने आयुष्य व्यापलंय असं वाटतं का. दोन होकार आले की पुढे तपासायचं. आता वजन वाढवायच्या मागे लागलेल्या मुलाला हे विचारून बघा. शेवटच्या प्रश्नाला तो हो म्हणेल, बाकीच्यांतून सहज सुटेल.

तरीही मोजलं गेलं तेव्हा मुलगे सापडलेच. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या दहा हजारांवर मुलामुलींच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०११ साली आले, अ‍ॅनोरेक्सियाचं प्रमाण दोघांतही ०.३ टक्के निघालं. बुलिमिया मुलींत १.३ आणि मुलांत ०.५ टक्के, भरपाईशिवाय नुसतंच आवर सुटून खाण्याचा विकार मुलींत २.३ आणि मुलांत ०.८ टक्के. हे आकडे मुंबईला जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण मुलींत जास्त म्हणजे मुलांत नाहीच, हा समज त्यांनी नक्की मोडतो.

आपल्याकडच्या मुलींबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाश्चात्त्य पुस्तकातली मुलगी म्हणते, मला जाड व्हायची भीती वाटते. आपली मुलगी पुष्कळदा तसं म्हणतच नाही. ती म्हणते, पित्त होतं, पोट गच्च वाटतं, अन्न वर येतं. दिल्लीतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ साली अशा तरुणींची नोंद केली होती, ज्या खाणं टाळत होत्या पण जाडीच्या भीतीबद्दल बोलत नव्हत्या. अशा मुली महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या घेत राहतात. पोटाच्या तपासण्या होतात, सगळं ठीक येतं, आणि घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो.

दोघांना आडोसा मात्र आपणच देतो. मुलीचा आडोसा उपवासाचा. आधी संकष्टी, मग गुरुवार, मग शनिवार, मग एकादशी, आणि साबुदाण्याची खिचडीसुद्धा नको, नुसतं लिंबूपाणी. आजी म्हणते, "पोर किती देवधर्म करते!" खऱ्या उपवासाला सोडण्याची वेळ असते, त्या वेळेची वाट बघणंही असतं. या उपवासात सोडण्याचीच भीती असते. मुलाचा आडोसा व्यायामाचा आणि खेळाचा. कबड्डीच्या कुमार गटात वजनाची मर्यादा असते, कुस्तीत वजनी गट असतात, आणि 'वजन द्यायचं' म्हणून आदल्या दिवशी पाणी तोडणारी मुलं आपण पाहिलेली असतात. खेळाडूंच्या उपासमारीचं बोलणं बरीच वर्षं स्त्री खेळाडूंपुरतंच होतं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्यात पुरुषांनाही घेतलं.

मग घरच्यांनी ओळखायचं कसं? ताटात काय आहे याकडे कमी बघा. नियम मोडला की काय होतं, ते बघा. गौरीच्या जेवणाला गिरगावात मामाकडे जायचंय, पुरणपोळी आहे. साधं पथ्य पाळणारी मुलगी अर्धी पोळी खाते, गप्पा मारते, दुसऱ्या दिवशी पथ्य पुन्हा सुरू. आजारी मुलगी आठवडाभर आधीपासून अस्वस्थ असते. ती जात नाही, किंवा जाऊन खात नाही, किंवा खाऊन स्वतःला शिक्षा करते. ही खूण मुलाला अगदी तशीच लागू पडते. फक्त मुलगा भीती वाटते असं म्हणणार नाही, 'कंट्रोल' ठेवायचाय म्हणेल. त्याला मी जाड-बारीक विचारतच नाही. "चीट डेच्या दुसऱ्या दिवशी काय करतोस?" एवढंच विचारते. उत्तरात बहुतेक सगळं येतं. पावडरीच्या पलीकडे गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू आहेत का, हेही सरळ विचारते, कारण त्यांत स्टेरॉइड्स असतील तर त्यांमुळे वाढत्या वयात हाडांची लांबी वाढणं वेळेआधी थांबू शकतं.

शरीर मुलीच्या बाबतीत एक स्पष्ट इशारा देतं, पाळी चुकते. मुलाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, तसंच खाली येतं, पण ते घरात कुणाला दिसणार? उंची वाढायची थांबते, चेहरा उतरतो, रात्री झोप लागत नाही, आणि सगळं 'अभ्यासाचं टेन्शन' या नावाखाली जमा होतं. हाडं मात्र दोघांचीही याच वयात भरत असतात. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल तर ते दवाखान्यात दाखल करण्याइतकं गंभीर असू शकतं. "खेळाडूचं हृदय आहे, नाडी कमीच असते" असं घरच्या घरी ठरवू नका. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आणि बरेच दिवस उपाशी राहिलेल्या पोराला तूप आणि डिंकाचे लाडू एकदम भरवू नका. अशा शरीरात अन्न अचानक गेलं की रक्तातलं फॉस्फेट जीवघेणं खाली येऊ शकतं, म्हणून खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवायचं असतं.

"माझी शपथ आहे तुला, जेव" याने मुलगी जेवत नाही, लपवायला शिकते. "पोरांना कुठे असलं काही होतं?" याने मुलगा कायमचा गप्प होतो. किशोरवयातल्या अ‍ॅनोरेक्सियावर चांगला पुरावा असलेला उपचार कुटुंबाला सोबत घेऊन केला जातो. त्यात काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हाती येतात, कुणाला दोष न देता. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात तो आकाराला आला, आणि तीन पिढ्या एका छताखाली जेवणाऱ्या आपल्या घरांना तो जमण्यासारखा आहे असं मला मनापासून वाटतं.

केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केस पेपर काढून थेट जाता येतं. आधी बोलूनच घ्यायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. मुलीला नेताना शेवटची पाळी कधी आली ते सांगा. पित्ताच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत, तेही. मुलाला नेताना "चिडचिड करतो" एवढ्यावर थांबू नका. वर्षभरापूर्वीचं वजन, आजचं वजन, रोज व्यायाम किती तास, दुखापत असताना किंवा तापातही जिमला जातो का, आवर सुटून खाणं आठवड्यातून किती वेळा, आणि कोणती पावडर, गोळी किंवा इंजेक्शन, हे एका कागदावर लिहून न्या. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फेट बघाल का, असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मुलीसाठी विचाराल तसंच मुलासाठीही विचारा.