लिफ्ट केली की मोठे टायर बसतात?

आपल्या इंदूरच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतंय, जीप दोन इंच उचलली की मोठे टायर बसलेच. वाटणं साहजिक आहे, उभ्या गाडीत गॅप दिसतोच की. पण इंदूरजवळच्या पाताळपाणीकडे एक चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि बंप स्टॉप (एक्सलला ठरावीक उंचीवर अडवणारा रबरी ठोकळा) तोच असेल तर टायर पहिल्याइतकाच आत जातो, त्यातून लिंकवाल्या गाडीत (जिथे एक्सल चॅसीला दांड्यांनी जोडलेला असतो) लिफ्टमुळे मागचा एक्सल थोडा पुढेच ओढला जातो आणि टायर मडगार्डच्या पुढच्या कडेला घासतो, म्हणून एक्सल इंचभर मागे घेतात. बघायचंय? मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासा, चाक हळूच दगडावर चढवा, कुठे पुसला बघा. मागे घेताना प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद देणारा दांडा), ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल पुरतेय का तेही बघा (हेच विसरतं). आणि हो, टायर २९ चे ३१ इंच केले तर मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते.