जैविक घड्याळाची जनुके आणि अपस्मार

अपस्माराचे (फेफरे, आकडी) झटके अनेक रुग्णांना ठरावीक वेळीच येतात. मेंदूच्या अग्रखंडात सुरू होणारे झटके बहुधा झोपेत येतात. किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मारात हातांना हिसके बसतात ते सकाळी उठल्यावर, त्यातही आदल्या रात्री जागरण झाले असेल तर हमखास. याचे सगळे खापर पूर्वी झोपेवर फोडले जाई. आता पेशींमधल्या घड्याळाकडेही बोट दाखवले जाते.

हे घड्याळ असे चालते: क्लॉक आणि बीमल-१ या प्रथिनांची जोडी पर आणि क्राय ही जनुके चालू करते. त्यांची प्रथिने साचली की तीच उलट या जोडीला दाबतात, आणि हे चक्र सुमारे २४ तासांत पुरे होते. मुख्य घड्याळ हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागातल्या सुमारे २०,००० चेतापेशींत असले, तरी मेंदूच्या बाह्यकातील (बाहेरच्या थरातील) पेशींचेही स्वतःचे घड्याळ असते. अपस्माराच्या दृष्टीने महत्त्व याच स्थानिक घड्याळाचे.

बीमल-१ नसलेल्या उंदरांना विजेच्या कमी प्रवाहानेही झटका येतो, तोही दिवसाच्या कोणत्याही वेळी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णांच्या मेंदूतून शस्त्रक्रियेत काढलेल्या अपस्मारजनक (झटके जिथून सुरू होतात त्या) ऊतीत क्लॉक प्रथिन कमी आढळले. उंदरांच्या उत्तेजक (इतर पेशींना चेतवणाऱ्या) चेतापेशींतून क्लॉकचे जनुक काढल्यावर झटक्याचा उंबरठा खाली आला, म्हणजे झटका सहज येऊ लागला. निरोधक (इतर पेशींना आवरणाऱ्या) पेशींतून काढल्यावर तसे झाले नाही. डीबीपी, एचएलएफ आणि टीईएफ ही घड्याळाच्या हुकमतीतली तीन जनुके एकदम काढली, तर उंदरांना अनेकदा जीवघेणे झटके येतात, कधी नुसत्या आवाजानेही. कारण ब-६ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणारे विकर घटते आणि मेंदूतील सेरोटोनिन व डोपामिन ही संदेशवाहक रसायने कमी होतात.

हे निष्कर्ष माणसाला थेट लावताना दोन अडचणी येतात. उंदीर निशाचर आहे, आणि शस्त्रक्रियेतला नमुना दिवसातल्या एकाच क्षणाचा असतो. तासागणिक होणारा चढउतार त्यात दिसत नाही. शिवाय झटक्यांनी आणि औषधांनीही झोप बिघडते, त्यामुळे कारण कोणते नि परिणाम कोणता हे सुटे करणे अवघड जाते.

उपचारात जनुक-चाचणीपेक्षा साधी नोंदवहीच आज अधिक कामाची आहे: झटक्याची वेळ, त्याआधी झोप लागल्याची किंवा जाग आल्याची वेळ, झोपेचे तास, चुकलेली गोळी. नुसती तारीख लिहिली तर लय हाती लागत नाही. झटके रात्रीचेच असतील तर डॉक्टर दिवसाच्या एकूण मात्रेतला मोठा भाग संध्याकाळी देण्याचा विचार करू शकतात. हा बदल रुग्णाने स्वतःहून करू नये; सकाळची मात्रा अचानक घटली तर दिवसाही झटका येऊ शकतो.