माँ-वालेरियँ स्मारक

माँ-वालेरियँ स्मारक : दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स व्यापलेल्या जर्मन सैन्याने गोळ्या घालून ठार केलेल्या प्रतिकार चळवळीतील कार्यकर्त्यांचे व ओलिसांचे फ्रान्समधील प्रमुख स्मारक. पॅरिसच्या पश्चिमेस स्यूरेन येथील टेकडीवर, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याच्या परिसरात ते आहे. तुरुंगांतून आणलेले कैदी किल्ल्यातील प्रार्थनागृहात अखेरची वाट पाहत. नंतर गोळ्या घालण्यासाठी त्यांना झाडीतील मोकळ्या जागेत नेत. प्रार्थनागृहाच्या भिंतींवर त्यांनी कोरलेला मजकूर अंशतः टिकून आहे.

मृतांच्या संख्येबाबत दीर्घकाळ मतभेद होते. वधस्थळावरील शिलालेख ४,५०० हून अधिक असा आकडा देतो. जर्मन ताब्यातून फ्रान्सच्या मुक्तीनंतरच्या काळातील अंदाजांतून तो आला असावा. त्याला नावनिशीवार आधार मात्र नव्हता. सर्ज क्लार्सफेल्ड व लेओँ त्सेव्हेरी या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस नावे पडताळली, तेव्हा संख्या १,००० हून थोडीच अधिक भरली. मृत्युदंड झालेल्यांना अखेरपर्यंत सोबत करणारे जर्मन धर्मगुरू फ्रान्झ श्टोक यांची रोजनिशी या कामी महत्त्वाची ठरली. आज हीच संख्या ग्राह्य मानणे सयुक्तिक होय. मृतांत कम्युनिस्टांचे प्रमाण मोठे असून ज्यू व परदेशी स्थलांतरितही बरेच आहेत. आर्मेनियन कवी मिसाक मानुशियाँ व त्याचे साथीदार, एकूण २२ जण, २१ फेब्रुवारी १९४४ रोजी येथे मारले गेले.

दर्शनी स्मारकाचे उद्‌घाटन १८ जून १९६० रोजी फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांनी केले. वालुकाश्माची लांब भिंत, लोरेन क्रूस (द गोल यांच्या स्वतंत्र फ्रान्स चळवळीचे चिन्ह) व १६ कांस्य उत्थितशिल्पे ही त्याची मुख्य अंगे. भिंतीमागील समाधिकक्षात पुरलेल्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू अन्यत्र झाला आहे. त्यामुळे या वास्तूत लढणाऱ्या फ्रान्सचा गौरव ठळक झाला आणि जेथे रक्त सांडले ती जागा बाजूला पडली, ही टीका रास्त वाटते. नावे कोरलेली कांस्य घंटा वधस्थळाजवळ उभी राहिली ती २००३ मध्ये. पास्काल काँव्हेर या शिल्पकाराच्या या कृतीवर ओळख न पटलेल्यांचाही उल्लेख आहे.

घंटेवरील सर्व नावे पुरुषांची आहेत; स्त्रियांना येथे गोळ्या घालत नसत. मानुशियाँ गटातील ओल्गा बान्चिक हिला जर्मनीत नेऊन १० मे १९४४ रोजी श्टुटगार्ट येथे तिचा शिरच्छेद करण्यात आला.