वही मिटली पाहिजे : आर्ट जर्नलच्या किनारीसाठी कोलाजचं पाकीट कसं वापरावं

आर्ट जर्नल म्हणजे चित्रं, अक्षरं आणि चिकटवलेले कागद यांनी सजवलेली वही. तिच्या पानांच्या कडा सजवायला आम्ही कागदांचं हे पाकीट देतो. आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न रंगसंगतीचा नसतो. ‘किनारी फार छान झाल्या, पण वही मिटत नाही, आता काय करू?’ हा असतो. म्हणून पाकिटातले कागद टेबलावर ओतण्याआधी पाच मिनिटं हे वाचा.

साध्या ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. काहीच नाही, असं वाटतं. पण किनारीला कागदाचे दोन थर दिले आणि पानाच्या दोन्ही बाजू सजवल्या, तर एका पानामागे ०.४ मिलिमीटर वाढले. अशी तीस पानं झाली की बाहेरची कड १२ मिलिमीटरनं फुगते आणि शिवणीकडची बाजू होती तेवढीच राहते. मग वही पंख्यासारखी उघडी पडते. यावर दोन उपाय. एक म्हणजे किनारीची जागा बदलत राहा: या पानावर वरची आणि उजवी कड, पुढच्या पानावर फक्त खालची. दुसरा, दर तीन-चार पानांनंतर एक पान कापून टाका. मात्र शिवणीजवळ एक सेंटिमीटरची पट्टी राहू द्या. पान ओढून काढलंत तर त्याचं जोडपानही सुटून हातात येईल.

किती रुंद?

ए-५ वहीचं पान १४८ बाय २१० मिलिमीटरचं. चारही बाजूंना १५ मिलिमीटरची किनार घेतली तर पानाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तिच्यातच जातो. २५ घेतली तर अर्धं पान संपलं! लिहायला, चित्र काढायला जागा उरावी असं वाटत असेल तर चारही बाजूंचा हट्ट सोडा. दोनच बाजू धरलेलं पान आम्हाला तरी जास्त मोकळं वाटतं. शिवणीकडचा एक सेंटिमीटर कोराच ठेवा. तिथं चिकटवलेलं काहीही वही उघडता-मिटताना तडकतं.

फाडण्यातली गंमत

कात्रीनं कापलेली पट्टी नीटनेटकी दिसते, फाडलेली जिवंत दिसते. हे आमचं मत, पण पाकिटात आम्ही मुद्दाम अख्खे कागद घालतो ते याचसाठी. वर्तमानपत्राचा एक तुकडा घ्या, आधी उभा फाडा, मग आडवा. एका दिशेनं तो सरळ फाटत जाईल, दुसऱ्या दिशेनं वाकडातिकडा पळेल. सरळ फाटतो ती कागदाच्या तंतूंची दिशा; छपाईवाले तिला ग्रेन म्हणतात. किनारीच्या पट्ट्या लांबीला याच दिशेनं काढा. ओला कागद ग्रेनला आडवा जास्त फुगतो. उलट दिशेनं काढलेली पट्टी कोरडी असताना अगदी मापात बसते आणि गोंद लागला की लांब होऊन कोपऱ्याबाहेर डोकावते.

आता पांढऱ्या कडेचं. वरून छापलेला कागद छापील बाजू वर ठेवून डाव्या हातात धरा आणि उजव्या हातातला भाग स्वतःकडे ओढत फाडा. डाव्या हातातल्या तुकड्याला आतल्या कागदाची पांढरी, लवदार कड येते. तोच भाग स्वतःपासून दूर ढकलत फाडलात तर डावा तुकडा काठापर्यंत रंगीत राहतो. गडद पानावर पांढरी कड लाटेच्या फेसासारखी उठून दिसते. आरपार रंगवलेल्या कागदावर हा प्रयोग करू नका, पांढरं काही निघणारच नाही.

गोंद

पातळ कागदाला ग्लू स्टिक पुरते, मात्र ती पार कडांपर्यंत फिरवा. जाड कागद, कापड किंवा लेससाठी पांढरा पीव्हीए गोंद (फेव्हिकॉलसारखा) ब्रशनं पातळ लावा. जास्त लावला तर त्यातल्या पाण्यानं पानाला लाटा येतात. टिश्यू पेपरला मॅट मीडियम (वाळल्यावर पारदर्शक आणि बिनचमकीचा होणारा ॲक्रिलिक द्रव) वापरा, खालीही आणि वरूनही. कागद अर्धपारदर्शक होतो आणि खालची अक्षरं धूसर दिसू लागतात. काही टिश्यूंचा रंग सुटतो, तेव्हा आधी एका कपट्यावर बघा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली छपाई ओल्या गोंदानं फिसकटू शकते. लेझर प्रिंट किंवा फोटोकॉपी टिकते.

दुकानातली गुळगुळीत बिलं, प्रवासाची तिकिटं आठवण म्हणून लावायची असतात. यातली बरीचशी थर्मल, म्हणजे उष्णतेनं अक्षरं उमटणाऱ्या, कागदावर असतात आणि कालांतरानं त्यावरची अक्षरं उडून जातात. फोटोकॉपी काढून ती चिकटवा. वर्तमानपत्राचा कागद त्यातल्या लिग्निनमुळे (हा लाकडातला एक घटक) पिवळा पडतो. कुणाला तोच पिवळेपणा हवा असतो, त्यांनी खुशाल लावावा.

कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींवर आल्या की तिथं उंचवटा तयार होतो. दोन्ही एकावर एक ठेवून त्यांवर फूटपट्टी धरा, ४५ अंशांत एकदमच कापा आणि उरलेले दोन्ही त्रिकोण काढून टाका. कंटाळा आला तर दोन्ही पट्ट्या कोपऱ्याआधीच थांबवा आणि रिकाम्या जागेत एखादा फाडलेला तुकडा बसवा.

बटण, मणी, सुतळी हे सगळं पाकिटात का नाही, असं बरेच जण विचारतात. सुरुवातीला घालत होतो. समोरच्या पानावर खळगे पडतात, हे आमच्याच नमुन्याच्या वहीत दिसलं आणि ते बंद केलं. पिकासोनं १९१२ मध्ये एका कोलाजभोवती खराखुरा दोर लावला होता हे खरं, पण ते चित्र त्याला मिटायचं नव्हतं.

वाळवणं

सजवलेल्या पानाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा, वही मिटा, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर तशीच राहू द्या. मॅट मीडियम लावलेली पानं आधी उघड्यावर पूर्ण वाळवा आणि मगच दाबा. हाताला कोरडी वाटली तरी समोरासमोर आली की ती एकमेकांना धरतात. अशी पानं चिकटलीच तर झटका देऊन ओढू नका. कोपऱ्यातून पातळ पट्टी आत सरकवत हळूहळू सोडवा. थोडा कागद निघालाच, तर त्या जागी पाकिटातला एखादा तुकडा लावा.