गरम झालं की सेल्फ का घेत नाही?

अमेरिकेच्या उपनगरांत अंगण अर्ध्या एकराच्या पुढे गेलं की हाताने ढकलायचं गवत कापायचं यंत्र पुरत नाही. मग घरात रायडिंग मोवर येतो, म्हणजे वर बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं यंत्र. तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्येही आता तो दिसतो, आणि उन्हाळ्यात त्याची एक तक्रार हमखास कानावर येते. सकाळी पहिल्या चावीला सुरू होतो, पाऊण तास छान चालतो, पाणी प्यायला पाच मिनिटं बंद केला की पुन्हा सुरू होत नाही. तासाभराने जाऊन चावी फिरवा, लगेच सुरू!

खरी अडचण त्या तासाभरात आहे. मेकॅनिकच्या हाती यंत्र पडतं ते थंड झालेलं, म्हणजे दोष लपलेला. मग अंदाजाने प्लग बदलला जातो, बॅटरी बदलली जाते, आणि पुढच्या शनिवारी तेच. हा दोष पकडायचा तर तो हजर असताना, लॉनवर उभं राहूनच पकडावा लागतो.

आधी बंद इंजिनात काय चाललेलं असतं ते पाहू. या इंजिनांना सहसा रेडिएटर नसतो. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, जोडलेली पंख्याची पाती मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेऱ्या मारत सिलिंडरवर वारा सोडतात. चावी बंद केली की पंखा थांबतो, पण सिलिंडर हेडमधली उष्णता तिथेच असते. ती आता शेजारच्या, ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलमध्ये, कार्ब्युरेटरमध्ये, पेट्रोलच्या नळीत शिरते. म्हणून हे भाग इंजिन चालू असताना तापत नाहीत इतके बंद केल्यावर पुढच्या काही मिनिटांत तापतात. आवरणाखाली कापलेलं गवत चिकटून सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्या बुजल्या असतील तर विचारूच नका. खरं तर ती साफसफाई सगळ्यात आधी करावी. तिला पैसे लागत नाहीत.

आता चावी फिरवा आणि कान द्या. इंजिन अर्धा फेरा मारून आचका देऊन अडतं का? बहुतेक जण इथे बॅटरीला दोष देतात. बॅटरीच्या तारांची टोकं गंजली असतील तर तो खराही असतो, पण गरम असतानाच असं होत असेल तर माझा पहिला संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीवर जातो.

पिस्टन वर येताना हवा दाबतो, आणि तो पूर्ण दाब ढकलणं सेल्फच्या छोट्या मोटरला जड जातं. म्हणून कॅमशाफ्टवर, म्हणजे फिरत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक बारीकसा उंचवटा ठेवलेला असतो. सुरू करताना तो एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो आणि थोडा दाब निसटू देतो. हे उघडणं मिलिमीटरच्या अंशात असतं, त्यामुळे टॅपेटची फट वाढली की उंचवटा त्या फटीतच संपतो. व्हॉल्व्ह हलतच नाही आणि मोटरवर सगळा दाब येतो.

पण गरम असतानाच का? सिलिंडर ॲल्युमिनियमचा, व्हॉल्व्ह उचलणारी पुशरॉड बहुधा पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. लांबी 150 मिलिमीटर आणि तापमानातली वाढ 80 अंश धरली, तर ॲल्युमिनियम सुमारे 0.28 मिलिमीटर वाढतं आणि पोलाद 0.14. फरक 0.14 मिलिमीटरच्या आसपास, आणि अनेक इंजिनांत टॅपेटची फटच मुळी 0.1 मिलिमीटरच्या घरात ठेवायची असते! व्हॉल्व्हची दांडीही तापून लांबते, त्यामुळे यातलं काही भरून निघतं. तरी झिजून आधीच सैल झालेला टॅपेट गरम झाल्यावर हद्द ओलांडतो. उपाय स्वस्त आहे: थंड इंजिनावर, कंपनीच्या पुस्तकातलं माप बघून, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, टॅपेट सेट करायचे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला प्रसरणाचा धडा इतका थेट हाताला लागतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

इंजिन नीट फिरतं पण पेटत नाही, असं असेल तर प्रश्न पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. लगेच टाकीचं झाकण जपून सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात इंजिन सुरू झालं, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल जाईल तसा टाकीत निर्वात तयार होतो आणि पुरवठा अडतो.

पेट्रोल उकळतंसुद्धा. ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे; त्यातले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. नळीत वाफ अडकली की पंपाच्या हाती काही लागत नाही. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या फ्युएल पंपावर घाटात ओला फडका टाकणारे लोक याच वाफेशी झुंजत होते. अमेरिकेत हिवाळ्यासाठी जास्त बाष्पनशील, म्हणजे लवकर वाफ होणारं, पेट्रोल विकतात आणि 1 जून ते 15 सप्टेंबर पेट्रोल पंपांवरच्या पेट्रोलच्या बाष्पदाबाला सरकारी मर्यादा असते. मार्चमध्ये भरून ठेवलेला कॅन जुलैत वापरला तर त्रास वाढणारच. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडलं असेल तर प्लग ओला निघतो. अशा वेळी चोक अजिबात ओढू नका, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारा.

राहिली कॉइल. फ्लायव्हीलवरचा चुंबक तिच्यासमोरून जातो आणि फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनाने तिच्यात वीज तयार होते. ठिणगीला बॅटरी लागत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 80 अंशांना तीस टक्क्यांच्या वर. एवढ्याने चांगली कॉइल मरत नाही. पण आतल्या बारीक तारेला तडा असेल तर तापल्यावर तो फाकतो, आणि थंड झाल्यावर टोकं पुन्हा टेकतात. म्हणून स्पार्क टेस्टर सोबत ठेवायचा आणि गरम असतानाच, पेट्रोलच्या वाफेपासून दूर, ठिणगी बघायची.

ठिणगी नसेल तर कॉइलची किल वायर, म्हणजे ठिणगी बंद करणारी तार, सोडून पुन्हा बघा. आता आली, तर कॉइल निर्दोष; दोष सीट, ब्रेक किंवा पात्याच्या स्विचमध्ये शोधा. तरीही आली नाही, तर नवी कॉइल. तिचे दोन बोल्ट सैल ठेवायचे, चुंबक समोर आणायचा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं आणि बोल्ट आवळायचे. लागणारी पाव मिलिमीटरची फट साधारण तेवढीच असते. किल वायर मात्र आठवणीने परत जोडा. चालू पात्यासकट कुणी सीटवरून उतरलं तर इंजिन बंद होतं ते तिच्यामुळेच.