दहा सांगली, अकरा सातारा: नंबर प्लेटींचं जगभरचं गोत्र

एमएच-०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. हे आकडे चिठ्ठ्या टाकून दिलेले नाहीत. मुंबईच्या तीन आरटीओ कार्यालयांपासून यादी सुरू होते, ठाणे-कल्याण करत कोकणात उतरते, मग घाट चढून कोल्हापूरला येते आणि हायवेच्या कडेकडेने पुण्याकडे सरकते. कराडला वेगळं कार्यालय झालं तोवर शेजारचे आकडे संपले होते, म्हणून कराडच्या गाड्या एमएच-५०.

तुर्कस्तानातही नेमकं हेच झालं. तिथे जुन्या ६७ प्रांतांना वर्णक्रमाने आकडे मिळाले. पुढे प्रांत फुटत गेले, तसे नव्यांना ६८ पासून पुढचे आकडे चिकटवले गेले. यादी आज ८१ वर थांबते. आपल्या सांगलीचा १० तिथे बालिकेसिरचा आणि साताऱ्याचा ११ बिलेजिकचा. फ्रान्सचे जिल्हेही वर्णक्रमानेच मोजलेले, तिथे ७५ म्हणजे पॅरिस. ब्रिटनने १९०४ मध्ये अक्षरं वाटली ती साधारण लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने: लंडनला ए, लँकशरला बी. आपली यादी भूगोलाने चालते, त्यांची लोकसंख्येने. पण गाडी कुठल्या मुलखातली हे पाटी बघताक्षणी कळावं, हा हेतू सगळीकडे सारखाच.

सुरुवात पॅरिसची. तिथल्या पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकमाने गाडीवर धातूची पट्टी सक्तीची केली. पट्टीवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक असे. वेग वाढला तसं पळत्या गाडीवरचं नाव-पत्ता वाचणं अशक्य झालं. मग पाटीवर उरला फक्त क्रमांक, आणि नाव सरकारी दप्तरात गेलं. देशभर एकच पद्धत पहिल्यांदा नेदरलँड्सने १८९८ मध्ये आणली. १९०९ च्या पॅरिस करारात सरहद्द ओलांडणाऱ्या गाडीसाठी ३० बाय १८ सेंटिमीटरची लंबगोल पाटी आणि तिच्यावर देशाची अक्षरं ठरली. ब्रिटिश हिंदुस्थानची अक्षरं ‘बीआय’ होती, स्वातंत्र्यानंतर ‘आयएनडी’ झाली. आज प्रत्येक नव्या प्लेटवर डावीकडे निळ्या रंगात दिसतात ती हीच. युरोपात १९९८ च्या नियमाने डावीकडे निळा पट्टा आणि त्यात देशाचं अक्षर आलं. आपल्याकडे नियमात पट्टा नाही, नुसती निळी अक्षरं आहेत. तरी रेडियमच्या दुकानात निळा पट्टा हौसेने चिकटवून मिळतोच.

महाराष्ट्रात १९८९ पूर्वी ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडा असे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचा आकडा, मालिका, क्रमांक ही आजची घडी बसली. मालिकेत ‘आय’ आणि ‘ओ’ घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. फ्रान्स आणि इटलीही ती दोन्ही गाळतात. जपानमध्ये कारण निराळं आहे: मृत्यूच्या उच्चाराशी जुळतं म्हणून ‘शि’ हे अक्षर पाटीवर येत नाही.

रंगांत मात्र वारसा दिसतो. ब्रिटनमध्ये पुढची पाटी पांढरी आणि मागची पिवळी असते, श्रीलंका आणि हाँगकाँगनेही तेच ठेवलं. आपल्याकडे पिवळा रंग भाड्याच्या गाडीचा. जपानमध्ये तो छोट्या इंजिनाच्या ‘केई’ गाड्यांचा, आणि धंद्याची गाडी तिथे हिरवी. आपल्याकडे हिरवी म्हणजे विजेवरची. नेपाळची जुनी पाटी देवनागरीत असते, खाजगी गाडीला लाल आणि भाड्याच्या गाडीला काळी. सातारचा माणूस ती सहज वाचेल. आपल्याकडे मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम ५० प्रमाणे अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतात, मराठी आकड्यांवर दंड होतो.

दंडाचा खरा विषय म्हणजे ‘दादा’. इंग्रजीतले ४१४१ जरा वळवून लिहिले की ‘दादा’ होतं, ८०५५ चं ‘बॉस’, २१४ चं ‘राम’. ब्रिटनमध्ये १३ जवळ आणून ‘बी’ करतात, ५ चा ‘एस’ करतात, आणि तिथेही तो गुन्हाच. या खोडीवर जर्मनीने तोडगा काढला तो अक्षराच्या वळणातच. तिथल्या एफई लिपीत प्रत्येक अक्षराचं वळण मुद्दाम वेगळं ठेवलंय, त्यामुळे ‘पी’चा ‘आर’ किंवा ३ चा ८ रंगाने करायला गेलं की लगेच डोळ्यात भरतं. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या आताच्या पाट्यांवरही हीच लिपी आहे.

आपला बंदोबस्त वेगळा: एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट. नियम २००१ चा असला तरी नव्या गाड्यांना ती सरसकट लागू झाली १ एप्रिल २०१९ पासून. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, डावीकडे खाली लेझरने कोरलेला क्रमांक. दुचाकीला २०० बाय १००, मोटारीला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर.

जुन्या गाडीला ही प्लेट घेताना घोडं अडतं ते बहुधा बुकिंगलाच. गाडीची माहिती ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढलेली नसेल किंवा चासी क्रमांकात एखादा आकडा चुकला असेल, तर अर्ज पुढे सरकत नाही. आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी माहिती प्रणालीत चढवून घ्यावी लागते. मागची प्लेट स्नॅप लॉकने बसते आणि हे लॉक एकदाच लागतं, काढायला गेलं की तुटतं. बंपर बदलताना गॅरेजवाला ते ड्रिलने उडवून नट-बोल्ट मारून देतो. प्लेट तीच असली तरी मग ती नियमात बसत नाही. अशा वेळी अधिकृत केंद्रातूनच लॉक बसवून घ्यावं. पत्रा वाकला किंवा होलोग्राम खरवडला असेल, तर नवी प्लेट मागवून जुनी तिथेच जमा करावी.